पेटी, तंबोरा आणि दोन पुस्तकं: नऊ महिन्यांनंतर

गेल्या नोव्हेंबरात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी गाण्याचं शास्त्र शिकायला बसले. त्याआधीची शिदोरी म्हणजे गणपतीतल्या आरत्या आणि ऑफिसच्या सहलीतल्या भेंड्या. सामान असं जमवलं: साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची (सूर म्हणजे आत वाजणाऱ्या धातूच्या जिभा) वापरलेली पेटी, अठरा हजारांना. फोनवर तंबोऱ्याचं ॲप, वर्षाचे पैसे भरून. लेकीचं गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेच्या वेळचं पुस्तक. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेलं आजेसासऱ्यांचं एक पिवळं पुस्तक, ज्याचं मुखपृष्ठ कधीच गळून गेलंय. शिवाय आठवड्यातून दोन संध्याकाळी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईंकडे शिकवणी. यातलं काय कामाला आलं आणि काय पडून राहिलं, ते लिहिते. माझ्यासारखे उशिरा सुरुवात करणारे बरेच असतात आणि दुकानदार त्यांना काहीही गळ्यात मारतात.

पहिले तीन महिने एका चुकीच्या समजुतीत गेले, आणि ती चूक कुठल्याच पुस्तकाने सुधारली नाही. मला वाटायचं, पेटीवरची पांढरी पट्टी म्हणजे शुद्ध, म्हणजे मूळ स्वर आणि काळी म्हणजे कोमल, म्हणजे उतरवलेला. पुस्तकातलं चित्रही तसंच होतं, कारण त्यात सा पांढरी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर धरलेला. घरी मी तसंच वाजवायचे आणि गाताना वरच्या सा ला घसा ताणायचे. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात माझी पट्टी काळी चार ठरवून दिली होती, पण ती मी फक्त त्यांच्याकडे वापरायचे. (मराठीत पेटीच्या बटणालाही पट्टी आणि गाणाऱ्याच्या सुरालाही पट्टी. नवशिक्याचा निम्मा गोंधळ या एका शब्दाने होतो.) शेवटी एकदा बाई म्हणाल्या, "घरीसुद्धा काळी चारच धर आणि बिलावल वाजव बघू." वाजवलं. (बिलावल म्हणजे सातही शुद्ध स्वरांची मांडणी.) सा काळी चार, रे काळी पाच, ग पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. सातातल्या चार पट्ट्या काळ्या, आणि स्वर मात्र झाडून सगळे शुद्ध. रंगाचा आणि कोमल-तीव्राचा काही संबंध नाही, सगळं सा पासूनच्या अंतरावर आहे, हे त्या संध्याकाळी बोटांना कळलं. पुस्तकाच्या चौथ्या पानावर ते छापलेलं होतंच. मी ते वाचून पुढेही गेले होते.

हा अनुभव मला नऊ महिन्यांत पुन:पुन्हा आला. जी गोष्ट आधी पेटीवर चुकली, तेवढीच पुस्तकात वाचून कळली. बाकीची नुसती पाठ झाली, आणि पाठ झालेलं पंधरा दिवसांत विरलं.

आता दोन पुस्तकांची गोष्ट. लेकीचं पुस्तक भातखंडे लिपीतलं, म्हणजे स्वर कागदावर लिहायच्या एका पद्धतीतलं. ती सोपी आहे: कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र (चढवलेल्या) मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. खाली टिंब म्हणजे सूर खाली, वर टिंब म्हणजे वर. शेंबड्या पोरालाही कळेल. आजेसासऱ्यांचं पुस्तक मात्र पलुसकर लिपीत होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. अशा दोन लिपी असतात हेच ठाऊक नव्हतं. जानेवारीत एका रात्री त्यातली भूप रागाची सरगम काढून बसले. सा नंतर ध, त्याच्या डोक्यावर टिंब. मी भातखंडे वाचून तयार झालेली, त्यामुळे थेट वरच्या सप्तकातला ध गाठला, तिथून सा वर उडी, मग रे, ग. अर्धा तास माझा भूप असा माडावर चढत-उतरत होता. आतल्या खोलीतून सासरे म्हणाले, "सूनबाई, भूप सोडून हे काय नवीन?"

पलुसकर लिपीत वरचं टिंब मंद्राचं असतं. तारसप्तकाला तिथे डोक्यावर उभी रेघ. म्हणजे तीच दोन चिन्हं, काम वेगळं. खरं तर त्याच ओळीत सा च्या डोक्यावर उभी रेघ पाहून मला शंका यायला हवी होती, कारण सा कुठे तीव्र असतो का? पण मी छापणाऱ्याला दोष देऊन पुढे गेले. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवायलाही भातखंड्यांकडे फुली आणि पलुसकरांकडे १ हा आकडा. त्यामुळे जुनं पुस्तक हाती लागलं तर आधी सम कशी दाखवलीय ते बघा, लिपी लगेच ओळखू येते.

राग आला खरा, पण नंतर गंमतही वाटली. विष्णु दिगंबर पलुसकर आमच्या इथल्याच कुरुंदवाडचे, जन्म १८७२. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, जन्म १८६०, पेशाने वकील. एकाच काळात दोन विष्णूंनी दोन लिपी केल्या आणि शंभर वर्षांनी सांगलीत एका बाईचा भूप माडावर गेला. वापरायला म्हणाल तर माझं मत भातखंड्यांच्या बाजूने. पलुसकर लिपीत प्रत्येक स्वराखाली मात्रेची स्वतंत्र खूण असते, लय फार बारकाईने लिहिता येते, पण रोजच्या वहीत उतरवून घेताना हात थकतो.

दहा थाट, म्हणजे स्वरांवरून पाडलेले रागांचे दहा गट, पाठ करण्याचा प्रकार मला सुरुवातीला शाळेतल्या सनावळीसारखा वाटला. मग हिशेबाची सवय कामाला आली. सा आणि प अचल, म्हणजे न बदलणारे. रे, ग, म, ध, नी यांची प्रत्येकी दोन रूपं, त्यातलं एकेक घ्यायचं. म्हणजे दोन गुणिले दोन असं पाच वेळा, बत्तीस. मी खरंच लेजरच्या कागदावर बत्तीस ओळी आखल्या आणि भातखंड्यांचे दहा थाट त्यात शोधून हिरव्या पेनाने टिक केले. बावीस रिकाम्या राहिल्या. कर्नाटक संगीतात व्यंकटमखींनी सतराव्या शतकात ७२ मेळ मांडले होते, त्या धर्तीवर पण चालू रागांपुरती ही दहा खात्यांची मांडणी. खाती कमी पडतात हे लगेच दिसतं. मधुवंती रागात ग कोमल आणि म तीव्र, बाकी शुद्ध. ही ओळ माझ्या कागदावर आहे, दहा थाटांत नाही. चारुकेशीचंही तेच. मग भूपात मध्यमच नाही, तर तो तीव्र मध्यमाच्या कल्याण थाटात कसा? हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "थाट म्हणजे कपाटाचा खण. साडी कुठल्या खणात ठेवलीय ते कळतं, नेसायची कशी ते नाही कळत." मग त्यांनी भूप आणि देशकार लागोपाठ गायला. स्वर तेच पाच. भूपात गंधारावर घर, देशकारात धैवतावर. एक संध्याकाळचा, एक सकाळचा. पुस्तकात हे "वादी-संवादी" (रागातला मुख्य स्वर आणि त्याच्या खालोखालचा) अशा दोन शब्दांत आहे आणि परीक्षेत त्याला एक मार्क आहे.

तंबोऱ्याचं ॲप मी सर्वांत कमी अपेक्षेने घेतलं होतं. पेटी आहे की सुराला, वर आणखी कशाला, असं वाटायचं. पण सगळ्यांत जास्त शिकवलं ते त्यानेच. खरं सांगायचं तर ॲपने थोडं आणि बाईंच्या मिरजेच्या तंबोऱ्याने जास्त.

मार्चमधली गोष्ट. लाइट गेली होती, पंखा बंद, रस्त्यावर सामसूम. बाईंनी तंबोरा लावला, जव्हारीवरचा, म्हणजे घोडीवर तारांखाली घातलेला दोरा जरासा पुढे-मागे सरकवला आणि म्हणाल्या, "खर्जाची तार ऐक. संपत येताना काय बोलते ते सांग." चार तारा: एक पंचमाची, दोन जोडाच्या म्हणजे मधल्या सा च्या, एक खर्जाची म्हणजे खालच्या सा ची. गंधाराची तार कुठेच नाही. पाचेक मिनिटं मला फक्त घुंगघुंग ऐकू येत होतं. मग एकदम, खर्जाच्या शेपटीत, बारीक पण स्वच्छ, गंधार दिसला. दिसला असंच म्हणते. एकदा दिसल्यावर तो नाहीसा करता येईना. स्वयंभू गंधार हा शब्द मी पुस्तकात वाचला होता आणि तो काहीतरी आध्यात्मिक प्रकार असावा म्हणून सोडून दिला होता. तो चक्क तारेतून येतो. तार जितक्यांदा थरथरते त्याच्या पाचपटीचा जो सूर तिच्यातच मिसळलेला असतो, तो गंधार.

मग बाईंनी पेटीवर काळी चारचा गंधार, म्हणजे पांढरी एक, दाबून धरली. दोन्ही गंधार एकत्र वाजले आणि मधे लाटा सुरू झाल्या, सेकंदाला चारेक, सायकलचं चाक कशाला तरी घासत असावं तशा. पेटीचा गंधार चढा होता. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, सोयीसाठी, म्हणजे कुठलीही पट्टी सा धरता यावी. एका भागाचे शंभर सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर बसतो आणि तंबोऱ्यातला साधारण ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. पंचमात फरक जेमतेम दोनाचा, तो माझ्या कानाला अजून कळत नाही. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दार बंद का ठेवलं, त्यामागचं एक कारण हेच. आणि या गावाला तर तो वाद जुनाच. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्यासोबत श्रुतींची (सप्तकातल्या बारीक स्वरभेदांची) वेगळी पेटी करवून घेतली होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली आहे. मी ती घेणार नाहीये, माझी अजून तेवढी लायकी नाही. पण त्या रात्रीपासून घरी पेटीवर सूर धरून गाणं बंद केलं. आता ॲपवर गाते, अडले की पेटीला विचारते आणि पुन्हा हात काढून घेते.

ॲपबद्दल तक्रार एकच: फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही, तिथे निव्वळ डासांची गुणगुण. साधा का होईना, बाहेरचा स्पीकर लावा, नाहीतर पैसे पाण्यात. आणि पंचमाच्या तारेला मध्यम लावायची सोय आहे ना ते बघून घ्या, मालकंस रागाला पंचम चालत नाही.

पेटीची बदनामी झाली, आता तिची बाजू. एक खेळ मला बाईंनी मे महिन्यात दिला आणि तो पेटीवरच जमतो. पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही. फक्त पाच काळ्या. तंबोरा काळी तीनवर लावा आणि तिथून सुरू करा, भूप होतो. त्याच पाच पट्ट्या, तंबोरा काळी एकवर आणला की दुर्गा. काळी दोनवर धानी, काळी चारवर मधमाद सारंग, आणि काळी पाचवर, तंबोऱ्यात मध्यम लावून, मालकंस. पट्टी एकही बदलली नाही, फक्त सा कुठे आहे ते बदललं. याला मूर्च्छना म्हणतात. राग त्याच्या चालीने होतो, नुसत्या स्वरांनी नाही, हे मान्य. पण दुर्गा वाजवता वाजवता तंबोरा बदलला आणि तीच बोटं मालकंसात शिरली, तेव्हा मी स्वयंपाकघरातून लेकीला हाक मारून बोलावलं. तिने विशारद पूर्ण करायचं ठरवलंय, तिला हे माहीत होतं. "आई, हे तू स्वतः शोधलंस असं सांगू नकोस हं कुणाला," म्हणाली.

तालाचं फार लिहीत नाही, कारण माझी प्रगतीच बेताची. त्रिताल आणि दादरा हातावर बसले. रूपक तालात सम आणि खाली (टाळी न देण्याची मात्रा) एकाच जागी येते, तिथे टाळी द्यायची का हात उलटा करायचा यात अजून एक मात्रा निसटते. पाश्चात्त्य थिअरीचा एक ऑनलाइन कोर्सही सवलतीत घेतला होता, कॉर्डपर्यंत पोचून सोडला. गिटार शिकणाऱ्याला तो उपयोगी असेल. मला त्यातून सेंट हा शब्द मिळाला, तो वर वापरलाय, तेवढ्यात पैसे वसूल धरते.

पेटी विकणाऱ्याने "जर्मन सूर आहेत, आयुष्यभर बघायला नको" असं छातीठोक सांगितलं होतं. जूनच्या दुसऱ्या पावसात दोन पट्ट्या फुगून अडकल्या आणि एक सूर किरकिरायला लागला. फोन केला तर "वापराचा दोष आहे ताई." मिरजेत एका कारागिराकडे नेली. त्यांनी झाकण उघडून सुरांवरून बोट फिरवलं आणि हसले. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर आहेत, म्हणाले, वाईट नाहीत, पण जर्मनीला गेलेले नाहीत. साफसफाई, भात्याची एक चीर आणि सूर जुळवणं मिळून अडीच हजार घेतले. तेव्हा जुनी पेटी घेताना सोबत वाजवणारा माणूस न्या, सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबून भाता सोडा आणि हवा किती वेळ टिकते ते मोजा. सुराच्या गावाचं नाव विचारत बसू नका. पावसाळ्यात पेटीवर जाड कापड टाका, आणि भिंतीला चिकटवून ठेवू नका.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने यातलं आधी काय घ्यावं असं विचाराल तर ॲप आणि स्पीकर, मग शिकवणारं माणूस, मग पुस्तक, आणि पेटी सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलट्या क्रमाने घेतलं. प्रारंभिकचा फॉर्म भरलाय, परीक्षा दिवाळीनंतर. कारागिराकडून आणल्यावर एक पट्टी सुटली, पण काळी दोन या हवेत अजून अडकते. ती माझ्या पट्टीतला पंचम आहे, त्यामुळे सध्या यमनात तेवढा एक सूर पेटीला न विचारता गळ्यानेच लावावा लागतोय.