बोर्ड नसलेलं गॅरेज आणि बाबांची आठशे

बेळगावात थर्ड गेट ओलांडून उद्यमबागेत शिरलं की फाउंड्र्यांच्या मधे एक पत्र्याचं शेड लागतं, बोर्ड नाही, बाहेर कायम दोन-तीन जुन्या गाड्या बॉनेट उघडून आ वासून उभ्या. तेच ते. बाबांची 87 ची मारुती 800 मी तिथं टाकली, कारण डिसेंबरात आम्ही दोस्तांनी जांबोटी-कणकुंबी-चोर्ला असा टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली) करायचं ठरवलं होतं, म्हणजे रेस नव्हे ओ, ठरलेल्या सरासरी वेगानं टप्प्याटप्प्यावर वेळेत पोचायचं, उशीर झाला तरी मार्क जातात आणि लवकर पोचलात तरी जातात.

मी गेलेलो रुंद टायर, अलॉय, फाडफाड सायलेन्सर अशी यादी घेऊन. गॅरेजवाल्या मामांनी (सगळे मामाच म्हणतात) ती वाचली, घडी घालून माझ्याच खिशात ठेवली. "वजन कशाला वाढवायलास? हलकी हाय म्हणून तर पळत्या." बरोबरच आहे, साडेसहाशे किलोच्या आसपास गाडी, 12 इंची चाकं, 796 सीसी, तेवढ्या इंजिनानं रुंद टायर ओढता ओढताच दम टाकला असता.

छोट्या गाडीनं रॅली मारता येते हे काय नवीन नाही. 1964 ची मॉन्टे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कनं 1071 सीसीच्या मिनी कूपर एसवर मारली, आणि दुसरी कोण तर व्ही-8 वाली फोर्ड फाल्कन! हँडिकॅपचा, म्हणजे छोट्या इंजिनाला सूट देणारा हिशेब होता हे मान्य, पण बर्फात 10 इंची चाकांवर ती पोरगी पळाली ना. माझा जीव मात्र स्वीडनच्या साब 96 वर. 841 सीसी, आपल्या आठशेसारखेच तीन सिलिंडर, फक्त टू-स्ट्रोक. एरिक कार्लसननं तिच्यावर ब्रिटनची आरएसी रॅली 1960, 61, 62 अशी सलग तीनदा घेतली, वर 62 आणि 63 ची मॉन्टे कार्लो पण. गाडी इतकी उलटवायचा की नावच पडलं 'छपरावरचा कार्लसन'. वळणात ॲक्सिलरेटर सोडायचाच नाही, डाव्या पायानं ब्रेक दाबायचा, आरपीएम पडू द्यायचे नाहीत, कारण छोट्या इंजिनात एकदा घालवलेला वेग परत मिळवायला अख्खा चढ जातो. मोठ्या गाडीत चूक पायानं दाबून झाकता येते, हिच्यात नाही, म्हणूनच लई मजा येते.

मामांचं काम एक नंबर. कार्ब्युरेटर उघडून साफ, चारी शॉक आणि सगळे बुश नवे, इंजिनखाली 3 एमएमचा पत्रा. एक ब्रॅकेट कुठंच मिळेना तर शेजारच्या शेडमधून संध्याकाळपर्यंत करून आणला, हे सुख उद्यमबागेतच.

आता रडगाणं. पंधरा दिवस सांगून दोन महिने लावले. फोनवर आपण मराठीत विचारायचं आणि तिकडून कानडीत "आयतु री, नाळे" (झालं ओ, उद्या) आलं की समजायचं गाडीला हात लागलेला नाही. बिल कॅलेंडरच्या पाठीवर, 41 हजार, घासाघीस नाही.

रॅलीत कणकुंबीच्या अलीकडं एक दोस्त एसयूव्ही घेऊन धूळ उडवत पुढं गेला, चेकपॉइंटला चार मिनिटं लवकर पोचला आणि मार्क घालवून बसला. आम्ही सात गाड्यांत दुसरे. चोर्ल्याच्या धुक्यात वायपर तेवढा अडकला.

पाचातले चार. सकाळी दहाच्या आत जा, नंतर मामा जे चहाला जातात ते जातात.