विमानतळाभोवतीच्या विमानमार्गांच्या मॉडेलसाठी ओपनस्कायचा डेटा: जमेचं आणि खटकणारं

विमानांच्या फुकट मिळणाऱ्या ट्रॅकिंग डेटात ओपनस्काय नेटवर्कला तोड नाही. स्वयंसेवकांच्या रिसीव्हरांनी टिपलेले एडीएस-बी संदेश (विमान स्वतःच आपलं स्थान आणि वेग रेडिओवर सांगतं ते), विमानागणिक सेकंदाला एक ओळ, आणि जुना साठा ट्रिनो या क्वेरी इंजिनवर एसक्यूएल या क्वेरी भाषेने चाळण्याची सोय. संशोधनासाठी अर्ज करून प्रवेश घ्यावा लागतो. क्वेरीत 'अवर' (तास) कॉलमची अट मात्र विसरू नका, नाहीतर ती अख्खा साठा धुंडाळत बसते.

पहिलं काम शिळ्या ओळी काढायचं. संदेश थांबले तरी ओळी काही काळ येतच राहतात, शेवटचं स्थान तसंच धरून. 140 नॉटने उतरणारं विमान 15 सेकंदांत किलोमीटरभर पुढे गेलेलं असतं, पण डेटात ते जागीच थिजलेलं दिसतं. ओळीच्या वेळेतून, म्हणजे 'टाइम'मधून, 'लास्टपॉसअपडेट' (शेवटचं स्थान मिळाल्याची वेळ) वजा करा आणि फरक दोन-तीन सेकंदांवर गेला की ओळ टाकून द्या.

मग उंची. 'बॅरोआल्टिट्यूड' हा हवेच्या दाबावरून काढलेल्या उंचीचा कॉलम समुद्रसपाटीचा दाब 1013.25 हेक्टोपास्कल गृहीत धरतो. प्रत्यक्ष दाब 1003 असेल तर समुद्रसपाटीजवळ उंची पावणेतीनशे फुटांच्या आसपास जास्त दिसते. तीन अंशांच्या उतारावर विमान एका सागरी मैलात जेमतेम 318 फूट खाली येतं, म्हणजे ही चूक जवळपास मैलभराची झाली. त्या-त्या वेळच्या मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला दाब, घेऊन दुरुस्ती करा.

पुढच्या कामाला झेवियर ऑलिव्ह यांची 'ट्रॅफिक' ही पायथन लायब्ररी उत्तम: आयएलएसच्या (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांच्या) रेषेवर आलेला तुकडा ओळखणं, गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर चढणं) शोधणं, मार्गांचे गट पाडणं. (ती फूट आणि नॉट वापरते, मूळ साठा मीटर आणि मीटर प्रति सेकंद.) समांतर धावपट्ट्या फार जवळ असतील तर तिने ठरवलेली धावपट्टी नकाशावर पडताळून घ्या. मार्गांची तुलना करताना बिंदू वेळेनुसार घेऊ नका, धावपट्टीच्या उंबरठ्यापासूनच्या (सुरुवातीच्या टोकापासूनच्या) अंतरानुसार घ्या, नाहीतर वेगातला फरक मार्गातला फरक म्हणून मोजला जातो. आणि लाखो ओळी म्हणजे लाखो निरीक्षणं नव्हेत. एकक म्हणजे उड्डाण. वारा फिरला की धावपट्टी बदलते, त्यामुळे एका दिवसाची उड्डाणं एकमेकांसारखी असतात, म्हणून बूटस्ट्रॅप (अनिश्चितता मोजायला डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढणं) अख्ख्या दिवसांचाच करावा.

अंतिम टप्प्याच्या मॉडेलला हा डेटा पाचपैकी साडेचार गुणांचा. टॅक्सीच्या (विमान जमिनीवर चालण्याच्या) वेळांना दोनच, तेही विमानतळाजवळ रिसीव्हर असेल तर.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे जमिनीलगतची पोकळी. रिसीव्हरची नजर टेकडीने किंवा इमारतीने अडली की शेवटचे काहीशे फूट गायब. तिथे उतरलेलं विमान नाहीसं होतं, पण गो-अराउंड केलेलं वर चढून पुन्हा दिसतं. गो-अराउंडचं प्रमाण काढताना छेदात (भागाकाराच्या खालच्या आकड्यात) फक्त धावपट्टीपर्यंत दिसलेली उड्डाणं धरली, तर ते फुगतं. छेदात उंबरठ्यापासून चार सागरी मैलांवरची रेषा ओलांडणारा प्रत्येक ॲप्रोच (उतरण्याचा प्रयत्न) धरा, पुढे तो दिसो वा न दिसो.