जी. आय. जो, आठ महिन्यांनी : सगळा जीव एका रबरी रिंगमध्ये

मागच्या आठवड्यात माझा फ्लिंट, म्हणजे जी. आय. जो या अमेरिकन खेळण्यातल्या सैनिकांपैकी एक, कमरेतून सुटला. पडला नाही, कुणी ओढला नाही. शेल्फवरून उचलला तर धड माझ्या हातात आणि पाय शेल्फवरच. मागे काळ्या रबराचे चार-पाच कडक तुकडे सांडले होते. आठ महिन्यांपूर्वी सात जोंचा हा लॉट मी 4,200 रुपयांना घेतला, तेव्हा विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता, "दादा, सगळ्यांच्या रिंगा नवीन टाकल्यात." आता फोन केला तर म्हणतो, "जुना माल आहे दादा, गॅरंटी नसते." गॅरंटी मी मागितलीच नव्हती. जे बोललास ते खरं निघावं, एवढंच म्हणणं होतं. चाळीस मिनिटं बोललो, हाती काही लागलं नाही. म्हणून जे कुणी असा लॉट घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय.

पावणेचार इंची जो म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही. बारा इंची मूळ जो 1964 चा, आपला पावणेचार इंची 1982 चा, आणि कोपराच्या वर गोल फिरणारा हात 1983 पासूनचा, हे आपल्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. माझा लॉट फनस्कूल कंपनीचा, भारतातच बनलेला. लहानपणी आमच्या मजल्यावर तीन घरांत मिळून पाच जो होते आणि मे महिन्यात ते सगळ्यांचेच असायचे. आज परदेशातून नवा मागवायचा तर खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. वर कुरिअरचे पैसे वेगळे. मला ते परवडत नाही आणि परवडलं तरी पटणार नाही. म्हणून जुने.

आता रिंगबद्दल. जोच्या कमरेला सांधा असा नाहीच. दोन्ही पाय एका धातूच्या हुकात अडकलेले, त्या हुकाला रबरी रिंग, रिंगचं दुसरं टोक छातीच्या आतल्या खुंटीला. छाती आणि पाठ पाठीवरच्या एकाच स्क्रूने जोडलेली. म्हणजे हा सैनिक ताणलेल्या रबरावर उभा असतो. ताण बरोबर असेल तर तो गुडघ्यावर बसतो, कमरेत वळतो, बंदूक खांद्याला लावतो. ताण गेला की दारू प्यायल्यासारखा झुलतो. आणि रबर आपल्या हवेत टिकत नाही. आधी चिकट होतं, मग कडक, मग एक दिवस तुटतं. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात माझं शेल्फ खिडकीशेजारी.

सुरुवातीला या रचनेवर माझा राग होता. पहिल्या दोन महिन्यांत मी एका मित्राला लिहिलंही होतं की हे डिझाईन चाळीस वर्षांपूर्वी ठीक होतं, आता सहा इंची घ्यावा, त्यात रबराची भानगड नाही. ते माझं मत आता राहिलं नाही. का ते पुढे येतंच.

रविवारी बाजार बंद, म्हणून सोमवारी अर्धी रजा टाकून मस्जिद बंदरला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीट गाठली. तुटलेल्या रिंगचे तुकडे औषधाच्या रिकाम्या डबीत घेतले होते. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी ते काउंटरवर जुळवले, व्हर्नियरने जाडी मोजली.

"कशाला लावायची? नळाला का पंपाला?"

"खेळण्याला, काका. सैनिक आहे, त्याच्या कमरेत."

ते हसले नाहीत. "मग तेलाचा संबंध नाही. ताण आहे का?" म्हणाले. मी हो म्हटलं तर त्यांनी एकाच मापाच्या दोन रिंगा पुढे ठेवल्या, एक काळी नायट्राईलची, एक लालसर सिलिकॉनची. सिलिकॉनची दोन बोटांत धरून ताणली, नखाने टोचली. म्हणाले, ही म्हातारी होत नाही लवकर, पण कुठे कापली गेली की तिथूनच फाटत जाणार. तुमच्या हुकाला धार असेल तर काळीच न्या. पन्नास काळ्या रिंगा, 100 रुपये. एकेक दोन रुपयांना! ऑनलाइन 'जोसाठी खास रिंग' म्हणून दहा नग साडेचारशेला विकतात, आणि हातात घेतल्यावर वस्तू तीच.

रात्री फ्लिंट उघडला. चष्मेवाल्याकडे असतो तसला छोटा स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि तो स्क्रूमध्ये नीट बसला पाहिजे. घसरला तर स्क्रूचं डोकं गेलं आणि आकृतीही गेली. स्क्रू फिरवताना दाब खाली द्यायचा, वळण हळू. पाठ निघाली. आत खुंटीभोवती जुन्या रबराचा काळा राळेसारखा थर होता, तो टूथपिकने खरवडून काढला. हुकावर गंज होता, नेलफाईलने घासला, आणि तेव्हा कळलं की धार खरंच होती, काकांनी न बघता ओळखली. रिंग हुकात ओवली, कमरेच्या तुकड्यातून वर ओढली, खुंटीवर चढवली. हात आणि डोकं जागेवर ठेवून पाठ लावायची हा सगळ्यात अवघड भाग, कारण एक धरलं की दुसरं निसटतं. तिसऱ्या वेळी जमलं. स्क्रू आवळला, टेबलावर उभा केला, आणि तो उभा राहिला. खट्. पाय मागे वाकवून सोडले तर जागेवर परत आले. मी तो पंधरा-वीस वेळा बसवला आणि उठवला.

आता सहा इंचीचं. एका कंपनीची (नाव घेत नाही) सहा इंची सैनिकाची आकृती मी डिसेंबरमध्ये घेतली होती, 3,100 रुपयांना. दिसायला देखणी, चेहऱ्यावरचा रंग पाहत राहावा असा, मनगटं, घोटे सगळं वळतं. मार्चमध्ये डावा खुबा ढिला पडला. पाय धरून राहात नाही. उघडायला गेलो तर स्क्रूच नाही, सगळं गरम करून चिकटवलेलं. ग्राहक सेवेकडून दोन मेलना एकच साच्यातलं उत्तर आलं. ती आता भिंतीला टेकवून उभी असते. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा फ्लिंट दोन रुपयांत दुरुस्त झाला आणि ती होणार नाही. ज्या रबराला मी शिव्या देत होतो त्याच्यामुळेच तो उघडता येतो. तुटायची जागा आधीच ठरवलेली आहे आणि तिथे हात पोचतो, हे मला फार मोठं वाटतं.

हाताच्या अंगठ्यांचं मात्र तसं नाही. जाड मुठीची बंदूक दामटली की अंगठा तुटतो, आणि तुटला की तुटला. बीच हेड नावाच्या जोचा मी स्वतः घालवला, दुसऱ्याच दिवशी. बंदूक हेअर ड्रायरने जरा कोमट करून हातात द्या, नाहीतर देऊच नका.

कॉमिक्सबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही, कारण नुसती आकृती अर्धीच असते. 1982 ला मार्व्हलने सुरू केलेली मालिका, 155 अंक, 1994 ला बंद. जवळजवळ सगळी लॅरी हामाने लिहिलेली. खेळणी खपावीत म्हणूनच ती निघाली हे उघड आहे, टीव्हीवर चक्क कॉमिकची जाहिरात दाखवायचे. पण हामा स्वतः सैन्यात राहून आलेला माणूस, आणि ते पानापानात कळतं. जोच्या टीव्ही कार्टूनमध्ये लाल-निळे किरण सुटतात आणि प्रत्येक वैमानिक पॅराशूटने खाली येतो. कॉमिकमध्ये गोळ्या असतात आणि माणसं मरतात. 1991 च्या 109 व्या अंकात जोंचा डॉक्टर, डॉक, मरतो, त्याच्यासोबत आणखीही काही जण, आणि ते परत येतील अशी सोय लेखकाने ठेवलेली नाही. मी तो लोकलमध्ये फोनवर वाचत होतो. कुर्ला गेलं ते कळलं नाही.

पाकिटाच्या मागची माहितीपत्रंही हामाचीच. फ्लिंट हा ऱ्होड्स स्कॉलर (ऑक्सफर्डची मानाची शिष्यवृत्ती मिळवलेला), इंग्रजी साहित्याचा पदवीधर, हे लहानपणी मला कळलंच नव्हतं, कारण कार्ड आम्ही कापून पत्त्यांसारखं खेळायचो. आता तोच चेहरा हातात घेतला की तो फक्त बेरे टोपीतला बंदूकवाला राहात नाही. आणि स्नेक आईज, जोंमधला कमांडो! 1982 चा पहिला स्नेक आईज पूर्ण काळा, कारण रंगाचा खर्च वाचवायचा होता. रंग न देता सोडलेला प्लास्टिकचा तुकडा, आणि त्याच्यावर 1984 मध्ये हामाने 21 वा अंक उभा केला ज्यात एक शब्द नाही. ना संवाद, ना निवेदन, ना धाडधूड आवाजाची अक्षरं. शेवटी स्नेक आईज आणि शत्रूच्या बाजूचा निंजा स्टॉर्म शॅडो, दोघांच्या हातावर एकच खूण दिसते आणि सगळं उलटंपालटं होतं. माझा दहा वर्षांचा पुतण्या इंग्रजी वाचायला कंटाळतो. त्याच्यापुढे हा अंक ठेवला. एकदा पाहिला, मागे गेला, परत पाहिला, मग बोट ठेवून म्हणाला, "काका, हे दोघं एकाच घरातले आहेत ना?" कुणी न सांगता त्याला कळलं.

2010 पासून या बंद पडलेल्या मालिकेचे पुढचे अंक जुन्याच क्रमांकाने निघाले, 2022 ला 300 झाले, 2023 पासून 301 च्या पुढे. नवे मी तुटक वाचलेत. बरे आहेत, पण पहिल्या शंभरांची तहान त्यांनी भागत नाही. छापील संग्रह महाग पडतात. मी दोन फोर्टच्या फुटपाथवर आणि एक किंग्ज सर्कलला जुन्यात घेतला, तिन्ही मिळून 1,350. पानं पिवळी आहेत, एकही सुटं नाही.

घेणार असाल तर विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर पाय धरून हलकेच खाली ओढायला सांगा. सोडल्यावर पाय खट् करून वर गेले पाहिजेत. हळू गेले तर रिंग जुनी, किंमत पाडा. पाठीचा स्क्रू जवळून दाखवायला सांगा. डोकं गोल झालेलं असेल तर तो नग घेऊच नका, बाकी काहीही चालेल. रंग उडालेला चालेल, बंदूक नसलेली चालेल.

सातपैकी सहांच्या रिंगा आता बदलून झाल्या. गंग-होचा स्क्रू गंजून बसलाय. कालपासून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून ठेवलाय. जोर लावणार नाही, रोज एकदा वळवून बघणार.