हत्यारांच्या दांड्यांना जवसाचे तेल: सात महिन्यांनंतरचा अनुभव

वडिलांच्या पेटीतील कुऱ्हाड, लाकूड तासायचा वाकस, हातोडा आणि शिसवी मुठीची पटाशी यांना मी मार्चमध्ये जवसाचे कच्चे तेल दिले आणि तेव्हापासून ती चारही हत्यारे नियमित वापरात आहेत. दांड्यांवरचे पापुद्रे सुटलेले जुने व्हार्निश काचेच्या तुकड्याने खरवडले, त्यानंतर ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला आणि तेथेच थांबलो. कारण फार गुळगुळीत दांडा घामेजल्या हातातून निसटतो, आणि वडिलांच्या पकडीने पडलेली खोलगट झीज मला घालवायची नव्हती.

तेलाचा हात जितका पातळ, तितका चांगला. हातोड्याला मी उत्साहाने भरपूर तेल चोपडले आणि जास्तीचे पुसले नाही. त्यावर चिकट साय धरली, जी शेवटी खरवडूनच काढावी लागली. इतर तिघांना तेल लावून अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसले आणि प्रत्येक हातानंतर आठवडाभर थांबून तीन हात दिले. हे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होत असल्याने तेलकट फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. म्हणून ती पाण्यात भिजवून अंगणात सुटी पसरून वाळवावीत. खोबरेल स्वस्त व हाताशी असले तरी ते असे वाळत नाही, त्यामुळे या कामी निरुपयोगी.

व्हार्निशच्या दांड्याने तासाभरात तळहाताला फोड येत. तेल मुरलेल्या बाभळीच्या दांड्याने वाकस दिवसभर चालवूनही तो त्रास झाला नाही. कुऱ्हाड मात्र मे महिन्यात ढिली झाली. जुन्या सवयीने ती रात्रभर पाण्यात ठेवली आणि पंधरा दिवसांत ती पूर्वीपेक्षा अधिक हलू लागली, कारण नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या लोखंडी भोकात, फुगलेले लाकूड लोखंडाशी दबून चेपते आणि सुकल्यावर पहिल्या आकारावर येत नाही. ते दुखणे तेलाचे नव्हतेच. नवी पाचर ठोकल्यावर ते मिटले.

पावसाळ्यात बंद पेटीतल्या पटाशीच्या मुठीवर बुरशीचे करडे ठिपके आले. ते पुसून ऑगस्टमध्ये दिलेला हात दहा दिवस चिकट राहिला, तर खंडेनवमीच्या पूजेनंतर, हवा कोरडी झाल्यावर दिलेला तेवढाच पातळ हात तीन दिवसांत वाळला.