वेबपानातून फोनचा कॅमेरा आणि जीपीएस: अँड्रॉइडवरील क्रोमबद्दल

आमच्या सोसायटीतील झाडांची नोंद ठेवण्यासाठी मी एक साधे वेबपान तयार केले असून गेले काही महिने ते अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये वापरत आहे. वेगळे ॲप न बनवता फोनमधील सोयी वेबपानातून कितपत हाताशी येतात, हे त्यानिमित्ताने जवळून पाहता आले आणि या ब्राउझरबद्दल माझे मत फार चांगले झाले.

कॅमेऱ्याचे काम सर्वांत सोपे आहे. फॉर्ममध्ये फाइल निवडण्याच्या रकान्याला 'कॅप्चर' हा गुणधर्म जोडला की बटण दाबताच कॅमेरा उघडतो आणि काढलेला फोटो थेट फॉर्ममध्ये येतो.

जीपीएसला मात्र सबुरी लागते. अक्षांश-रेखांशाबरोबर ब्राउझर अचूकतेचा आकडाही मीटरमध्ये देतो, त्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. आमच्या वडाखाली पहिल्या क्षणी तो ६० च्या पुढे होता, म्हणजे झाड शेजारच्या इमारतीच्या आवारातही नोंदले गेले असते; जागचे न हलता थोडे थांबल्यावर तो १० च्या आसपास आला. म्हणून आता माझे पान ठिकाण एकदाच विचारून थांबत नाही, तर आकडा २० च्या आत येईपर्यंत नोंदच घेत नाही. असे पान बनवणाऱ्या प्रत्येकाने ही काळजी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

परवानगी कधी मागायची, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पान उघडताच ठिकाण विचारले तेव्हा सोसायटीतील ज्येष्ठांनी साहजिकच नकार दिला, आणि एकदा नकार नोंदला गेला की तो साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलावा लागतो. 'झाडाचे ठिकाण नोंदवा' हे बटण दाबल्यावरच विचारायला सुरुवात केली, तेव्हा सर्वांनी आनंदाने होकार दिला. २०१६ पासून क्रोम एचटीटीपीएस (म्हणजे सांकेतिक, सुरक्षित जोडणी) नसलेल्या पानाला ठिकाण देत नाही, हे उत्तमच आहे.

एनएफसी टॅग (फोन जवळ नेताच वाचता येणारी छोटी चिप) वाचण्याची सोय क्रोमच्या ८९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे. पण आयफोनवरील सफारीत ती नसल्यामुळे मी झाडांवर क्यूआर कोडच लावले.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. बॅटरीच्या माहितीवरून वापरकर्त्याचा माग काढता येतो म्हणून फायरफॉक्सने २०१७ मध्येच ती वेबपानांना देणे बंद केले. क्रोम ती आजही परवानगी न विचारता देतो.