नवा देश आणि युरोपीय संघ : जळगावातील एका अभ्यासवर्गाविषयी

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी जळगावातील एका अभ्यासिकेने शनिवारी आंतरराष्ट्रीय संबंधांचा वर्ग सुरू केला आहे. वेगळ्या होणाऱ्या प्रदेशाला युरोपीय संघात प्रवेश मिळेल का, हा त्यातील भाग परीक्षा न देणाऱ्यांनीही ऐकावा इतका चांगला आहे.

ब्रिटनमधील स्कॉटलंड किंवा स्पेनमधील कॅटलोनिया या स्वातंत्र्याची मागणी असलेल्या प्रदेशांविषयी आपल्याकडे बहुधा अस्मितेच्या अंगानेच बोलले जाते. येथील सरांनी मात्र संघाच्या करारातील ४९ वे कलम फळ्यावर लिहून सुरुवात केली. प्रवेशाला सर्व सदस्य देशांची एकमुखी संमती, युरोपीय संसदेची मान्यता आणि शेवटी प्रत्येक देशाचे अनुमोदन लागते, त्यामुळे घरचे सार्वमत जिंकले तरी निर्णय इतरांच्या हाती राहतो, हे त्यांनी कोसोव्होच्या उदाहरणाने पटवून दिले. कोसोव्होने फेब्रुवारी २००८ मध्ये सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले; स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया आणि स्लोव्हाकिया या सदस्य देशांनी त्याला मान्यता दिली नाही. हे पाच देश नकाशावर पेन्सिलीने रंगवताना एका मुलीने विचारले, ‘‘सर, स्पेनला खरी काळजी कॅटलोनियाचीच ना?’’ त्यानंतरची चर्चा वर्गाची वेळ संपल्यावरही चालू राहिली. कोणी अडले की सर अहिराणीत समजावतात, हेही मला फार मोलाचे वाटले.

तेलंगणाशी केलेली तुलनाही नेमकी होती. आपल्या घटनेच्या कलम ३ नुसार संसद नवे राज्य निर्माण करते, त्यामुळे २ जून २०१४ रोजी तेलंगणा जन्मले ते संघराज्यातच. स्वतंत्र स्कॉटलंडला मात्र बाहेरून अर्ज करावा लागेल.

उणीव आहे ती छापील टिपणांत. स्कॉटलंडचा विषय २०१४ च्या सार्वमतापाशी, म्हणजे स्वातंत्र्याला सुमारे ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी नकार देणाऱ्या निकालापाशी थांबतो. २०१६ मध्ये ब्रिटनने संघात राहावे का, यावरील सार्वमतात तेथील ६२ टक्के मतदारांनी संघात राहण्याचा कौल दिला, तरी ब्रिटनबरोबर स्कॉटलंडही बाहेर पडले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला नव्या सार्वमताचा कायदा करता येणार नाही, असा निर्णय दिला. ब्रिटन सोडले तर संघही सुटेल, हा २०१४ चा मोठा युक्तिवाद आता उरलेला नाही, आणि हे कळल्याशिवाय विद्यार्थ्याचे उत्तर अपुरेच राहील. स्कॉटलंड संघात गेल्यास इंग्लंडलगतची सीमा ही संघाची बाह्य सीमा होईल, या प्रश्नालाही अधिक वेळ द्यायला हवा होता.

शुल्क माफक आहे. धुळे-नंदुरबारहून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी.