एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर: सभासदत्व आणि हंगामाचा पास, पूर्ण हंगामाच्या वापरानंतर

मँचेस्टरमध्ये राहून मैदानावर जाऊन फुटबॉल पाहायचा म्हटले की मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी ही दोनच मोठी नावे पुढे येतात, आणि त्या दोन्ही क्लबांची तिकिटे मिळणे हा खिशाचा तितकाच नशिबाचा प्रश्न असतो. मी गेल्या ऑगस्टमध्ये वेगळी वाट धरली आणि शहराच्या ईशान्येकडील मॉस्टन भागात खेळणाऱ्या एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर या अर्धव्यावसायिक क्लबचे सभासदत्व व हंगामाचा पास घेतला. हंगाम संपल्यावर हे लिहीत आहे. या पासचे मोल क्लबचा इतिहास जाणल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे सामन्यांपेक्षा इतिहासालाच इथे जास्त जागा दिली आहे.

मे २००५ मध्ये अमेरिकन उद्योगपती माल्कम ग्लेझर यांनी मँचेस्टर युनायटेडचा ताबा घेतला. खरेदीसाठी उभारलेल्या कर्जाचा मोठा भार क्लबच्याच माथी आला. म्हणजे तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबला, त्यालाच विकत घेण्यासाठी, ऋणको करण्यात आले. समर्थकांच्या संतापाचे मूळ मालक परदेशी असण्यापेक्षा या व्यवहारात होते. त्यांच्यातील काहींनी नुसता निषेध करून न थांबता स्वतःचा क्लब काढायचे ठरवले. मे अखेरीस अपोलो थिएटरमध्ये सभा झाली, पैशांची वचने गोळा झाली आणि नावासाठी सभासदांनी मतदान केले. ‘एफसी युनायटेड’ एवढेच नाव फारच सर्वसाधारण आहे असे सांगून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे तिथल्या नियामक संस्थेने, ते नाकारले, म्हणून पुढे ‘ऑफ मँचेस्टर’ जोडले गेले. खेळाडूंच्या निवडचाचणीसाठी सुमारे ९०० अर्ज आले. कार्ल मार्जिन्सन प्रशिक्षक झाले आणि ऑगस्टमध्ये संघ इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवर, नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगच्या दुसऱ्या विभागात उतरला. जिथे एरवी शंभर-दोनशे प्रेक्षक आले तरी पुष्कळ, त्या पातळीवर एप्रिल २००६ मध्ये ग्रेट हारवुड टाउनविरुद्धच्या सामन्याला ६,०२३ लोक आले. पहिल्या तिन्ही हंगामांत संघाने बढती मिळवली.

क्लबची घडण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, कारण ती सहकारी संस्थेची आहे. सभासदाने पाच पौंड दिले काय किंवा पाच हजार दिले काय, मत एकच. संचालक मंडळ सभासद निवडतात, नफा वाटला जात नाही आणि प्रवेशदर शक्य तितके परवडणारे ठेवायचे, हे स्थापनेच्या तत्त्वांतच लिहिलेले आहे. मँचेस्टरच्या शेजारच्या रॉचडेलमध्ये १८४४ साली विणकर आणि इतर कारागिरांनी मिळून सहकारी दुकान उघडले. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापर्यंत पोहोचलेल्या सहकारी विचाराच्या मुळाशी जे प्रयोग आहेत, त्यांत त्या दुकानाचा मान मोठा आहे. एफसी युनायटेडचा सर्वांत गाजलेला विजयही रॉचडेलमध्येच मिळाला, हा योग मला फार आवडतो. ५ नोव्हेंबर २०१० रोजी एफए कप या लहानमोठ्या क्लबांना एकत्र आणणाऱ्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत या संघाने कितीतरी वरच्या श्रेणीतील रॉचडेल क्लबला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवले आणि निर्णायक गोल माइक नॉर्टनने भरपाईच्या वेळेत केला. पुढच्या फेरीत ब्रायटनला त्यांच्या मैदानावर १-१ असे रोखल्यानंतर फेरसामना मात्र ०-४ असा गमावला.

मैदानाची कहाणी याहून मोलाची आहे. जवळजवळ दहा वर्षे हा क्लब भाडेकरू होता आणि त्यातील बराच काळ जवळच्या बरी (Bury) गावातील गिग लेन मैदानावर गेला. न्यूटन हीथमधील नियोजित जागेचा करार २०११ मध्ये, सरकारी खर्चकपातीच्या काळात, महापालिकेने मागे घेतला. मग मॉस्टनची जागा ठरली, तिथे काही रहिवाशांचा विरोध झाला, काम लांबले; पण सभासदांनी सामुदायिक भाग (शेअर) विकून सुमारे वीस लाख पौंड उभे केले आणि त्यात अनुदाने व कर्जाची भर पडून ब्रॉडहर्स्ट पार्क हे स्वतःचे मैदान उभे राहिले. २९ मे २०१५ रोजी पोर्तुगालच्या बेनफिका क्लबविरुद्धच्या सामन्याने त्याचे उद्घाटन झाले. मँचेस्टर युनायटेडने १९६८ मध्ये पहिला युरोपियन कप जिंकला तो याच तारखेला आणि बेनफिकालाच हरवून.

सहकारात भांडणे होतात, तशी इथेही झाली. २०१६ मध्ये कारभाराच्या पारदर्शकतेवरून सभासद आणि नेतृत्व यांच्यात तीव्र वाद होऊन बराच नेतृत्वबदल झाला, २०१७ मध्ये बारा वर्षांनी मार्जिन्सन गेले आणि २०१९ मध्ये संघ सहाव्या पायरीवरील नॅशनल लीग नॉर्थमधून खाली घसरला. तरीही इथे सभासद मतदार म्हणून नेतृत्वाला जाब विचारू शकतो, हा फरक मला निर्णायक वाटतो. ज्या बरी क्लबच्या मैदानावर एफसी युनायटेड भाड्याने खेळला, त्या १८८५ च्या आणि दोनदा एफए कप जिंकलेल्या क्लबची ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक दुरवस्थेपायी इंग्लिश फुटबॉल लीग या व्यावसायिक साखळीतून हकालपट्टी झाली. तो क्लब एका खासगी मालकाच्या हाती होता आणि त्याच्या समर्थकांना रडण्याखेरीज काही करता आले नाही.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. हंगामाच्या पासची रक्कम आपण ठरवायची, फक्त किमान आकड्याच्या खाली जायचे नाही, ही पद्धत क्लबने २००९ मध्ये सुरू केली, तेव्हा किमान रक्कम ९० पौंड होती. मी ऐपतीप्रमाणे थोडे अधिक दिले आणि त्याचा क्षणभरही पस्तावा नाही. दारावर, दुकानात, खाण्याच्या टपरीवर बहुतेक सभासदच विनामोबदला राबत असतात. सामन्याआधी कठड्याला हाताने रंगवलेले कापडी फलक बांधण्याचे काम चालते; वारा असला की एकजण कापड ताणून धरतो, दुसरा कोपऱ्याच्या दोऱ्यांना गाठी मारतो आणि तिसरा लांब जाऊन अक्षरे सरळ दिसतात का ते सांगतो. खेळाडूंच्या लाल सदऱ्याच्या छातीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. जाहिरातीचे पैसे सोडून द्यायचे असे सभासदांनीच ठरवलेले असल्यामुळे ती कोरी छाती मला दर सामन्याला अभिमानाची वाटली.

खेळाचा दर्जा मात्र नीट समजून घ्यावा. हे खेळाडू दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी सराव करतात. हिवाळ्यात मैदान जड झाले की चेंडू जमिनीवरून फिरवण्यापेक्षा उंच आणि लांब मारण्याकडे कल वाढतो, आणि दूरचित्रवाणीवरच्या फुटबॉलची सवय असलेल्या डोळ्यांना पहिले काही आठवडे ते खडबडीत वाटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसामुळे सामने पुढे ढकलले जातात आणि मग ते मंगळवारी रात्री येतात, तेव्हा नोकरदारांनी त्याचा हिशेब ठेवावा. त्याच्या बदल्यात आपण गोलरक्षकाच्या इतके जवळ उभे असतो की बचावफळीला तो ओरडून काय सांगतो ते शब्दन्‌शब्द ऐकू येते, आणि संघाची रचना कशी हलते हे कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा चांगले कळते.

बसायची जागा हवी असल्यास मुख्य स्टँड ठीक आहे, परंतु शक्य असेल त्यांनी सेंट मेरीज रोडच्या बाजूला, गोलच्या मागे, उभे राहूनच पाहावे. गाणी तिथेच सुरू होतात आणि नव्वद मिनिटे थांबत नाहीत. यायला ट्रामचा न्यूटन हीथ अँड मॉस्टन थांबा किंवा मॉस्टन रेल्वे स्थानक सोयीचे पडते. केवळ पास घेऊन थांबू नये, सभासदत्वही घ्यावे आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची कागदपत्रे आली की ताळेबंदापासून वाचावीत. मी पुढच्या हंगामासाठी दोन्हींचे नूतनीकरण केले आहे.